मामाची मांडी

आमच्या भागात बाळाचे कान टोचायचे ते मामाच्या मांडीवर. जावळ काढायचे तेही मामाच्याच मांडीवर. बाप बाजूला उभा राहून सोनाराला सूचना देत असतो, आई कानांवर हात ठेवून दाराआड बसते आणि बाळाची सगळी रडारड, लाथा आणि शेवटी ओली झालेली विजार मामाच्या वाट्याला येते. मी मुलाणी. आमच्यात मुलांचे कान टोचत नाहीत, पण इंदापुरात शेजारीपाजारी हा सोहळा इतक्यांदा पाहिला आहे, की मामा कोणता हे मला बसण्यावरून ओळखता येते. जो जरा जास्तच ताठ बसलेला असतो, तो.

बारामतीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षे मी हिमोफिलियाच्या रुग्णांपाशी काढली. आता निवृत्त आहे. गुडघे माझेही दुखतात, पण ते वयाने. ज्यांचे गुडघे शाळेतच गेले अशी माणसे पाहिल्यावर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल कुरकुरायला तोंड राहत नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतले काही लिहा म्हणून भाची मागे लागली, तेव्हा पुष्कळ चेहरे डोळ्यांपुढून गेले. लिहायला बसले तर एकच माणूस पुढे येऊन बसला. अंथुर्ण्याचा पोपट शिंपी.

मी तेव्हा लहान मुलांच्या वॉर्डात होते. एका सकाळी कळसचे एक कुटुंब तान्हे बाळ घेऊन आले. बाळाच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवर हळद, हळदीवर कॉफीची पूड आणि तिच्यावर कुणा शहाण्याने लावलेला चुना. आदल्या दिवशी कान टोचले होते आणि रक्त अजून ठिबकत होते. धार नव्हती, ठिबकच होते, पण थांबत नव्हते. बाळाची आजी सोनाराच्या नावाने खडे फोडत होती. बाळाची आई सुभद्रा, विशीतली पोरगी, पदराने एकसारखे ते कान टिपत होती आणि टिपल्यामुळे धरलेली खपली पुन्हा निघत होती.

डॉक्टरांनी विचारले, "माहेरी कुणाला असं होतं का?"

सुभद्राने दाराकडे बघितले. दाराच्या चौकटीला धरून एक तिशीचा माणूस उभा होता. उजवा पाय गुडघ्यात वाकलेला, टाच अधांतरी. तो म्हणाला, "मी मामा. माज्याच मांडीवर टोचलं. माजंबी असंच दोन दिस गळत हुतं, आई सांगायची."

"पायाला काय झालंय?"

"वात हाय. ल्हानपणापासनं."

वात नव्हता. त्या गुडघ्यात आतल्या आत कितीदा तरी रक्त साठले होते. दर वेळी घरच्यांनी त्याला तेल लावून चोळणाऱ्याकडे नेले होते, वर गरम विटेचा शेक दिला होता. आमच्याकडे गुडघा सुजला की हेच करतात, आणि दुसऱ्या कुणाच्या गुडघ्याला ते मानवतेही. हिमोफिलियात नेमके उलटे करायचे असते. चोळायचे नाही, शेकायचे नाही. बर्फ लावायचा आणि पाय उशीवर ठेवून गप्प पडायचे. पोपटच्या आईने प्रेमाने त्याचा पाय घालवला. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही आणि पोपटनेही सांगू दिली नाही.

दोघांचे रक्त पुण्याला तपासायला गेले. मामाला आणि भाच्याला एकच दुखणे निघाले. भाच्याचे नाव समाधान ठेवले होते. आजीने ते तेव्हा बदलायला काढले होते.

हे दुखणे काय असते ते सांगते. लोकांना वाटते, या माणसाचे रक्त पातळ असते, टाचणी लागली की भळाभळा वाहते. तसे नाही. रक्त सगळ्यांसारखेच येते, पण थांबायला तयार नसते. घराचा स्लॅब टाकताना माणसे ओळीने उभी राहून घमेली हातोहात वर पोचवतात, ते तुम्ही पाहिले असेल. मधला एक गडी गैरहजर असला, की पुढचे सगळे नुसते उभे. रक्त गोठण्याचे काम असेच हातोहात चालते. यांच्यातला एक गडी जन्मापासूनच कामावर नसतो. तो बाहेरून आणून शिरेत सोडायचा, त्याला आम्ही फॅक्टर म्हणतो. एरवी माणूस तुमच्याआमच्यासारखाच. हुशार, खोडकर आणि आईच्या हातून मार न खाल्लेला, कारण आईला हात उगारायची भीती.

हे दुखणे आईकडून मुलग्याला येते. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. इथेच घरे मोडतात. सुभद्राच्या सासूला एवढे कळले मात्र, तिने वॉर्डात सगळ्यांदेखत सुरू केले, "म्हायेरनं खोड घिऊन आली. आमच्या घरात कुणाला हुतं का असलं?" नवरा खाली बघत राहायचा. तो वाईट नव्हता, पण आईपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. समाधान रांगायला लागला आणि गुडघ्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले, तेव्हा गावातल्या बायका सुभद्रालाच विचारू लागल्या, की मारतेस का गं पोराला.

त्या दिवसांत पोपट एक पिशवी घेऊन आला. पिशवीत तान्ह्या मुलाच्या चार चड्ड्या, प्रत्येकीला गुडघ्याशी कापसाची गादी शिवलेली. गोधडीला घालतात तसे उभे आडवे टाके घातले होते, कापूस सरकू नये म्हणून. शिलाईयंत्राला त्याने मोटर बसवून घेतली होती आणि चांगल्या पायाने ती चालवायचा. मी म्हटले, "पोपटराव, ही फॅशन कुठली?"

"माज्या वक्ताला कुणी शिवली न्हाय," तो म्हणाला.

पुढे वॉर्डात येणाऱ्या हिमोफिलियाच्या प्रत्येक रांगत्या बाळाला अंथुर्ण्याची चड्डी मिळायची. पैसे विचारले की तो चिडायचा. मापे मी फोनवर सांगायची. एकदा मी घाईत चुकीचे माप सांगितले, तर पाठवताना आत चिठ्ठी, "हे बाळ हाय का पैलवान?"

आशा आशा म्हणतात ती मी अशाच फुटकळ जागी पाहिली आहे. एक बाप बर्फासाठी रसवंतीवाल्याशी दोस्ती करून होता. पोराचा घोटा सुजला, की उसाच्या रसात घालायचा बर्फ पिशवीत भरून मोटरसायकलवरून पळायचा. इंदापुरातले एक बागवान चाचा होते, फळांचे व्यापारी. नातवाचा खतना गावातल्या न्हाव्याकडूनच व्हावा हा त्यांचा हट्ट. मी त्यांना आमच्याच भाषेत ऐकवले, "चाचा, अल्लाने सुन्नत सांगितली आहे, न्हावी नाही सांगितला." ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग मुकाट्याने पोराला घेऊन आले. फॅक्टर देऊन सर्जननी खतना केला, काहीही झाले नाही, आणि चाचांनी पेरूंच्या पेट्या आणून वॉर्डात अशा वाटल्या जणू ही सगळी त्यांचीच कल्पना. माणूस असा शहाणा झाला की त्याला श्रेय देऊन टाकावे, भांडू नये.

पण मला लिहायचे आहे ते पोपटच्या लग्नाचे.

समाधान पहिली पावले टाकत होता तेव्हाची गोष्ट. पोपटचे ठरले होते. मुलगी नात्यातलीच, शालन नावाची. पाय वाकडा आहे हे तिला माहीत होते आणि तिची काही हरकत नव्हती. उलट तिनेच निरोप पाठवला होता, की मला पळणारा नवरा नको, बसून शिवणारा बरा. हे सांगताना पोपट एवढा लाजला, की मी दुसरीकडे बघितले.

मग त्याने विचारले, "सिस्टर, आमाला पोरं झाली तर?"

डॉक्टर त्याला इंग्रजी मिसळून सांगत आणि मी त्याचे आपल्या बोलीत करत असे. आमच्या कामाचा हा भागच होता. लग्नाआधी सगळे खरे सांगायचे. मी सांगितले, "तुम्हाला मुलगे झाले तर सगळे ठणठणीत. बापाकडून मुलाला हे जात नाही. मुली झाल्या तर त्या सगळ्या हे पुढे नेणाऱ्या होतील. त्यांना स्वतःला बहुतेक त्रास होणार नाही, पण त्यांच्या मुलग्यांना होऊ शकतो."

"मंजी सुभद्रीसारकं?"

"हो. सुभद्रासारखं."

त्याच वेळी बाहेर व्हरांड्यात सुभद्राची सासू बोलत होती. समाधान ठेचकाळला होता आणि त्याच्या ओठातून रक्त येत होते, म्हणून ते सगळे आले होते. सुभद्रा पोराच्या तोंडावर बर्फाचा बोळा धरून उभी होती आणि सासू मोठ्याने म्हणत होती, "एका पोराचं वाटुळं केलं, आता दुसरं नको." पोपटने दारातून ते ऐकले. तो चौकटीला धरून उठला आणि गेला.

लग्न मोडल्याचे मला सुभद्राकडून कळले. शालनच्या घरच्यांना त्याने एवढेच सांगितले, की माझा विचार नाही. ती पोरगी स्वतः दुकानात येऊन बसली होती म्हणे. पोपटने तिच्याशी न बोलता एक ब्लाऊज उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा उसवला. शेवटी ती उठून गेली. पुढे तिचे दुसरीकडे लग्न झाले.

मी त्याला खूप समजावले. चिडले, भांडले. डॉक्टरांनाही बोलायला लावले. तो दर वेळी म्हणायचा, "तुमी खोटं सांगितलं हुतं का?" खोटे नव्हते. मग तो म्हणायचा, "एक सुभद्री बगतोय की मी. अजून एक पैदा करू का?"

आज वाटते, याला उत्तर होते. सुभद्रासारखी म्हणजे फक्त सासूचे ऐकून घेणारी नव्हे. वॉर्डात दुसऱ्यांच्या पोरांना गाणी म्हणून दाखवणारी, इंजेक्शनच्या वेळी पोराला हसवायला स्वतःच्या नाकावर चिकटपट्टी लावणारी, डबा उघडला की आधी मला चटणी वाढणारी सुभद्राही तीच होती. ते मला तेव्हा सुचले नाही. दुखणे कसे पुढे जाते ते मला शिकवले होते. बाकीचे शिकवायला कुणी नव्हते.

पुढे फॅक्टर आमच्याकडे मिळू लागला. त्याआधी बाहेरून आलेला प्लाझ्मा तासन् तास चढवत बसावे लागे. आता लहान बाटली, पाणी मिसळायचे, शिरेत द्यायचे. पण कळसहून दवाखान्यापर्यंत येईतो सांध्यात रक्त साठायचे. जेवढा उशीर तेवढा सांध्याचा नाश. तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरी द्यायला कुणीतरी शिका. सुभद्रा म्हणाली, मी शिकते. तिचे शिक्षण सातवी. पोराच्या हातावर शिकायची तिची छाती होईना.

पोपटने बाही वर केली. "माज्यावर शीक. मलाबी डोस घ्यायचाच हाय."

त्याच्या शिरा काही सोप्या नव्हत्या. पहिल्यांदा सुई शिरेच्या बाजूला गेली. दुसऱ्यांदा शीर सरकली. मी ओरडणार तेवढ्यात पोपटच तिला म्हणाला, "सुभद्रे, सुईत दोरा ववताना तू श्वास धरतीस का? न्हाय ना? मग आत्ता कशाला धरतीस?" तिने श्वास सोडला आणि सुईच्या मागच्या नळीत रक्ताचा ठिपका दिसला. शीर सापडल्याची ती खूण. ती रडायला लागली. मी म्हटले, बाई, आधी औषध सोड, मग रड. दादाच्या दंडावर शिकलेला तो हात पुढे समाधानचा गुडघा सांभाळत राहिला. डाव्या घोट्यात थोडा ताठरपणा राहिला, तेवढाच. नाहीतर तो दुसरा पोपटच झाला असता.

सासूही बदलली. अचानक वगैरे नाही. पहिल्यांदा ती सुई देताना खोलीबाहेर जायची, मग दारात थांबायची, मग एक दिवस दंडाला बांधायची पट्टी तिने स्वतः धरली. शेवटच्या आजारपणात ती सुभद्राशिवाय कुणाच्या हातचे पाणी घेत नव्हती. हे सगळे पोपटनेही पाहिले. पण तोवर त्याचे लग्नाचे वय निघून गेले होते आणि शालनची पोरे शाळेत जात होती.

आता तर कातडीखाली द्यायचे नवे इंजेक्शन आले आहे. शीर शोधायला नको, आणि रक्तस्राव मुळात फारसा होतच नाही. समाधानला ते मिळते. तो एमआयडीसीत नोकरी करतो आणि क्रिकेट खेळू नको म्हटले की मला म्हणतो, "मावशी, तुमचा जमाना वेगळा." वेगळाच होता. पोपटलाही हे इंजेक्शन मिळू लागले, पण गेलेला गुडघा त्याने परत येत नाही. ते घ्यायला आला तेव्हा तो एकदा म्हणाला, "कापड फाडून झाल्यावर माप घ्यायला आल्यागत झालं." आणि हसला.

समाधानसाठी इंदापूरची मुलगी बघायला घरचे सगळे गेले, तेव्हा पोपटने पोह्यांची बशी हातात न घेता सांगितले, "आदी ऐकून घ्या, मग खाऊ." मुलीचे वडील खतविक्रेते, सरळ माणूस. ते मुलीला घेऊन माझ्या घरी चौकशीला आले. मुलीने स्वतःच विचारले, "मला मुलगी झाली तर?" तोच प्रश्न. या वेळी मी लगेच बोलले नाही. सुभद्राला फोन करून बोलावून घेतले, तिला त्या मुलीशेजारी बसवले आणि मग सांगितले, "मुलगी झाली तर ती ह्यांच्यासारखी होईल." मुलीने सुभद्राकडे नीट बघितले. सुभद्रा नेहमीसारखी डबा उघडत होती. मुलगी म्हणाली, "मग चालंल की."

ते गेल्यावर मी कपबश्या विसळायला घेतल्या. तीच माहिती. शेजारी एक बाई बसवायची, एवढाच फरक.

समाधानला मुलगी झाली. हिमोफिलिया असलेल्या बापाची मुलगी, म्हणजे हे पुढे नेणारी. यात शंकाच नसते. अशा मुलींचाही फॅक्टर कधी कधी कमी असतो, म्हणून मी बजावले होते, तपासणी होईपर्यंत कानाला हात लावायचा नाही. तपासणीत पुरेसा निघाला. मग गेल्या महिन्यात कळसला कान टोचायचे ठरले आणि मला बोलावणे आले.

बाळाचा मामा, सुभद्राच्या सुनेचा भाऊ, कॉलेजात जाणारा. सतरंजीवर मांडी घालून अगदी ताठ बसला होता. सोनाराने तार हातात घेतली आणि मामाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला गरगरतंय," म्हणाला. सगळे हसले. सुनेने भावाला पाणी दिले आणि सुभद्रा म्हणाली, "दादा, तू घे तिला."

"मी कुटला तिचा मामा?"

"तिच्या बापाचा हाईस ना? घे."

पोपटला खाली बसता येत नाही. त्याच्यासाठी कोपऱ्यात खुर्ची होती. केस पार पांढरे झालेत आता. सुनेने बाळ त्याच्या मांडीवर दिले. बाळाच्या अंगात गुडघ्याला गादी शिवलेली चड्डी होती. तिला तिची काही गरज नाही, तरी त्याने शिवली होती. त्याने एका हाताने तिचे डोके धरले. सोनाराने एक कान टोचला, मग दुसरा. बाळाने घर डोक्यावर घेतले. दोन्हीकडे रक्ताचा एकेक थेंब आला. मी कापूस दाबून धरला आणि घरातले सगळे त्या कापसाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांनीही त्या घरात रक्ताचा थेंब दिसला की असेच होते.

बाळ रडून रडून झोपले. बायका गूळ खोबरे वाटायला आत गेल्या, समाधान सोनाराला सोडायला बाहेर गेला. मी पोपटच्या शेजारी बसले होते.

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "माजी पोरगी झाली असती तर ती हिच्यासारकीच असती न्हवं?"

"हो. अशीच."

"हिच्यापरास काय येगळी नसती?"

"नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. झोपेत तिची मूठ त्याच्या सदऱ्याच्या गुंडीला धरून होती.

"हिलाच भ्यालो की मी," तो म्हणाला.

आमच्या कामात बोलता आले नाही की काहीतरी तपासायचे असते, म्हणून मी वाकून कानावरचा कापूस उचलून बघितला. तो कोरडा होता.

सुभद्रा बाहेर आली. म्हणाली, "दे दादा इकडं, तुजा पाय अवगडला आसंल."

"ऱ्हाऊ दे," पोपट म्हणाला. "ऱ्हाऊ दे अजून जरा."